भरोशाची कंपनी

हिंगणघाटात कॅमेरा घ्यायचा म्हटलं की माणूस दुकानात जायच्या आधी उमाटेभाऊंकडे जायचा. भाऊंनी मान हलवली की तो कॅमेरा घरात यायचा. भाऊंनी नुसतं नाक मुरडलं की ती कंपनी त्या घरापुरती संपायची. लग्नाचा मुहूर्त काढायला जशी माणसं जातात तशी ती त्यांच्याकडे यायची, आणि भाऊंनाही त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही, बरीच वर्षं.

केशव उमाटे हे त्यांचं पूर्ण नाव. कापडाच्या मिलमध्ये ते फिटर होते. पाळी संपली की घराच्या पुढच्या खोलीत कॅमेरे दुरुस्त करायचे, आणि पुढे मिल सोडली तेव्हा तेच काम राहिलं. खोलीत एक उंच टेबल होतं, त्यावर काळं कापड, आणि कापडावर सुईएवढ्या पेचकसांची रांग. खुर्ची नव्हती. भाऊ उभ्यानंच काम करायचे, तेही एका जागी नाही. एक स्क्रू काढला की दारापर्यंत जायचे, रस्त्याकडे पाहायचे, परत यायचे, दुसरा काढायचे. चहा कधी पूर्ण प्यायले नाहीत. अर्धा कप टेबलावर, अर्धा खिडकीत, आणि घरभर शोधत फिरणाऱ्या शकुंतलावहिनी.

"लग्नात सात फेरे झाले तरी हे चालूनच राह्यले होते," वहिनी सांगायच्या. "भटजीनं हात धरून थांबवलं, तेव्हा थांबले."

भाऊ हसायचे नाहीत. "जास्तीचा एक मारला तं काय बिघडलं?" एवढंच म्हणायचे, आणि दाराकडे निघायचे.

कोणतीही वस्तू दिसली की त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "कोनती कंपनी?" पंखा, कुकर, छत्री, दवाखान्यातलं सलाईनचं स्टँड, काहीही असो. पुतणीला पाहायला पुलगावचे पाहुणे आले होते. सगळे अवघडून मान खाली घालून बसलेले, आणि भाऊंचं लक्ष वर. पंखा हलत होता. पाहुण्यांतल्या एकाला त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोनत्या कंपनीचा हाये?" त्या गृहस्थांनी सांगितलं. "मंग पोरगी सुखात राहीन," भाऊ म्हणाले, आणि स्टूल घेऊन पंखा घट्ट करायला चढले. पाहुणे पोहे खात होते आणि वरून धूळ पडत होती. तरी लग्न जमलं. ते भाऊंमुळे जमलं की भाऊ असूनही जमलं, यावर त्या घरात दोन मतं होती.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो पंचाण्णव-शहाण्णवचा हिवाळा असेल. नागपूरच्या एका दैनिकाला मी हिंगणघाटहून बातम्या पाठवायचो. कापसाचा हंगाम ऐन भरात होता आणि माझ्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं होतं. मी तणतणत गेलो.

"भाऊ, कंपनी भिकार आहे. आठ महिने नाही झाले घेऊन."

भाऊंनी भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण उघडलं, चिमट्यानं आतून काहीतरी ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कापसाचा बारीक तंतू होता.

"जिनिंगमंदी गेलता?"

"हो, परवा."

"तिथंच रोल बदलवला?"

"हो. दुसरीकडे कुठे बदलणार?"

"मंग कंपनीले काऊन शिव्या देऊन राह्यला, रिपोर्टर? उडत्या रुईत कॅमेरा उघडला तूनं. यात कंपनी काय करन?"

त्या दिवसापासून मी 'रिपोर्टर' झालो, आणि त्यांच्या दारात उभा राहणाऱ्यांतला एक झालो. मला बातम्यांसाठी लोकांमध्ये उठबस हवी होती, आणि भाऊंकडे सगळा तालुका येत होता. त्यांनीच मला कॅमेऱ्याच्या आत पाहायला शिकवलं. दोन कंपन्यांचे उघडे कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून ते म्हणाले होते, "इथं चार स्क्रू पाह्यजे. या कंपनीनं चार लावले. यानं तीन लावले आन् चौथ्याच्या जागी गोंद. गिऱ्हाइकाले दिसत नाई तिथं कंपनी कशी वागते, ते पाहाव. लोकं वरून पाह्यते. मी आतून पाह्यतो."

मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी ते चार ठिकाणी सांगितलंही. आतून पाहणारा माणूस चुकू शकतो, हे तेव्हा ना त्यांच्या डोक्यात होतं ना माझ्या.

मग डिजिटल कॅमेरे आले.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला आमच्या बाजारात दोन कंपन्यांचे कॅमेरे दिसू लागले. नावं मी घेत नाही. गावात तशीही नावं कोणी घेत नव्हतं. एकीचा डबा जांभळा होता आणि दुसरीचा राखी, म्हणून लोक 'जांभळा' आणि 'राखी' असंच म्हणायचे. जांभळा आणला होता किसनसेठनं. त्यांचं मूळ दुकान घड्याळं आणि रेडिओचं. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे, गिऱ्हाईक आलं की आधी पाणी विचारणारे. राखी डब्याचे कॅमेरे नागपूरहून मागवावे लागत. ते जड होते, धातूचे होते, हातात घेतले की वस्तू घेतल्यासारखं वाटायचं. जांभळा प्लॅस्टिकचा, हलका.

भाऊंची अस्वस्थता तेव्हापासून सुरू झाली. पूर्वीची त्यांची चुळबुळ ही स्वभावाची होती, ही वेगळी होती. नव्या कॅमेऱ्यात उघडण्यासारखं फारसं नव्हतंच. एक हिरवी पाटी, तिच्यावर मुंगीच्या डोळ्याएवढे ठिपके. ते पाटी उलटी करून पाहायचे, सुलटी करून पाहायचे, दारापर्यंत जायचे.

"यात स्क्रू कुठी हाये?" ते मला विचारायचे, जणू मी लपवले आहेत. "काय पाहून सांगू मी लोकायले?"

पण लोक विचारतच होते. आणि भाऊंना 'मला माहीत नाही' हे तीन शब्द म्हणण्याची सवय नव्हती. मग त्यांनी जे दिसत होतं त्यावरून ठरवलं. वर्षभरात त्यांच्या टेबलावर जांभळ्या डब्याचे सात-आठ कॅमेरे आले. कुणाचं सेल ठेवायचं झाकण तुटलेलं, कुणाचं बटण आत गेलेलं. राखीचा एकही आला नाही. भाऊंनी निकाल दिला. जांभळ्याचं नाव निघालं की नाक मुरडायचं, राखीला मान हलवायची.

बाजार लहान होता. भाऊंचं नाक मुरडणं सहा महिन्यांत किसनसेठच्या दुकानापर्यंत पोचलं. लग्नसराईच्या आधी त्यांनी बराच माल भरला होता, तो काचेच्या कपाटात तसाच राहिला. सेठ भांडायला आले नाहीत. एकदा रस्त्यात समोरासमोर आले तेव्हा भाऊंनी "रामराम सेठजी" म्हटलं, आणि सेठ पलीकडच्या दुकानाच्या पाटीकडे पाहत निघून गेले. मी बरोबर होतो. भाऊ म्हणाले, "खराब माल विकन तं मी काय चांगला म्हनू?" आणि घरी येईपर्यंत तेच तीनदा म्हणाले.

मी स्वतः राखी घेतला. भाऊंच्या शब्दावर. तो उत्तम चालला, त्यामुळे मला शंका येण्याचं काही कारणच नव्हतं.

शंका आणली भोयर मॅडमनी. त्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. सहलीत मुलांचे फोटो काढायला शाळेसाठी कॅमेरा घ्यायचा होता, म्हणून त्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आल्या. छत्री दाराला टेकवली आणि विचारलं, "भाऊ, कोणता घेऊ?"

"राखी."

"जांभळा का नको?"

"मॅडम, वर्साभरात आठ आले माह्याकडे. राखीचा एक नाई आला."

मॅडमनी थोडा विचार केला. त्यांचा आवाज वर्गात प्रश्न विचारतात तसाच होता, भांडणाचा नव्हता. "गावात जांभळे किती आहेत, भाऊ?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकूण किती लोकांकडे आहेत? शंभर असतील तर आठ काहीच नाही. दहा असतील तर फार झाले. आणि राखी किती आहेत?"

भाऊंच्या हातात पेचकस होता. ते दाराकडे निघाले नाहीत. तिथंच उभे राहिले.

"आणि राखी बिघडला तर तो तुमच्याकडे येईल का?" मॅडमनी विचारलं. "उघडता तरी येतो का तो?"

"नाई," भाऊ म्हणाले. "तो बंद हाये. कंपनीतच पाठवा लागते."

"मग तुम्हाला तो दिसणार कसा?"

मॅडम सहज बोलून गेल्या. पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या, छत्री उचलली आणि गेल्या. भाऊ माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला नीट सांगता येणार नाही. मिलमध्ये चालू यंत्राचा आवाज अचानक बदलला की फिटर मान वर करतो, तसे ते कशाचा तरी अंदाज घेत होते.

"रिपोर्टर, तुह्या गाडीत पेट्रोल हाये काय?"

आम्ही त्याच दुपारी निघालो. पुढचे सतरा-अठरा दिवस माझी मोटारसायकल आणि मी त्यांच्या ताब्यात होतो. बातम्या मी वाटेत उभ्या उभ्या लिहिल्या. फोटो स्टुडिओ, शाळा, लग्नात फोटो काढणारी मंडळी, नोकरदारांची घरं. समुद्रपूर झालं, गिरड झालं. गिरडला टेकडीखाली फोटो काढून देणारे चौघे होते, त्यांतल्या तिघांकडे जांभळा निघाला. तीन वर्षं उन्हाधुळीत वापरलेला, कोपरे पांढरे पडलेले, आणि चालू.

"बिघडला नाई काय कधी?" भाऊ जवळजवळ विनवणीच्या सुरात विचारत होते.

"एक बार पडला होता पायऱ्यांवरून," त्यांतला एक म्हणाला. "किसनसेठकडे दिला. त्यांनी कंपनीकडून आठ दिवसांत करून आणला. एक पैसा नाही घेतला."

"किसनसेठनं?"

"हो ना. भला आदमी आहे."

परतीच्या वाटेवर भाऊ माझ्या मागे बसले होते आणि सारखे हलत होते. गाडी डोलत होती. "भाऊ, नीट बसा, पडू," मी ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नसावं. ते काहीतरी मोजत होते, बोटांवर.

हिशेब व्हायचा तोच झाला. जांभळा प्रत्येक गल्लीत होता. स्वस्त होता म्हणून खूप जणांनी घेतला होता, खूप होते म्हणूनच त्यांतले सात-आठ भाऊंच्या टेबलावर दिसत होते. आणि जे दिसत होते त्यांतले निम्मे पडलेले, नाहीतर पाण्यात गेलेले. राखी आम्हाला सगळ्या भटकंतीत मोजून अकरा सापडले. त्यांतले पाच बंद पडून कंपनीकडे गेलेले होते. त्या पाचपैकी दोन परतच आले नव्हते.

"पाच," भाऊ म्हणाले. "अकरातून पाच. आन् मी मान हालवत होतो."

"माझा चालतोय की," मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून.

"तुह्या एकट्यावरून काय समजते?" ते एकदम तडकले. "तुह्या एकट्याचा चालते, त्याच्या एकट्याचा बिघडते. एकावरूनच तं मी बोलत राह्यलो ना इतकी वर्सं!"

मग त्यांना तळेगाव आठवलं.

तळेगाव श्यामजी पंतचा सुरेश ढोले नावाचा तिशीतला माणूस लग्नांचे फोटो काढायचा. त्याची बहीण हिंगणघाटात दिलेली होती. तिच्याकडे आला असताना त्यानं भाऊंना विचारलं होतं आणि राखी घेतला होता. त्यानंतर तो पुन्हा कधी दिसला नव्हता. भाऊंनी बहिणीकडून पत्ता घेतला. तळेगाव जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, वर्धेहून आर्वी, आर्वीहून पुढे. आम्ही एसटीनं गेलो. बसायला जागा होती तरी भाऊ आर्वीपर्यंत दांडा धरून उभे.

सुरेशचं घर गावाबाहेर, भाजीच्या वावराला लागून होतं. तो वांगी तोडत होता. भाऊंना पाहून पळतच आला, पायाला हात लावले.

"कॅमेरा कसा हाये?" भाऊंनी दारातच विचारलं.

"हाये ना. चांगला हाये, भाऊ."

"दाखव."

"इथं नाई तो. भावाकडं दिला."

घरातून त्याची आई बाहेर आली. सत्तरीची, बारीक, हातात पाण्याचा तांब्या. तिनं तांब्या भाऊंसमोर ठेवला आणि मुलाकडे न पाहता म्हणाली, "खोटं काऊन सांगतं रे? कंपनीत पडून हाये तो. चार महिने झाले."

"माय, राहू दे ना..."

"काऊन राहू दिऊ? आष्टीच्या लग्नात बंद पडला. अक्षता पडून राह्यल्या होत्या आन् ह्याच्या हातात नुसता डबा. त्या पोरीच्या बापानं सगळ्यायसमोर काय काय म्हटलं याले! मंग कोनी बलावलं नाई. पुरं लगीनसराई वांगे तोडून राह्यला हा." आता ती भाऊंकडे वळली. "तुमच्या भरोशावर घेतला होता ना यानं? हिंगणघाटचे भाऊ सांगते मंजे पक्कं, असं म्हनत होता."

भाऊंनी तांब्याला हात लावला नाही.

"मले काऊन नाई सांगितलं?" त्यांनी सुरेशला विचारलं.

सुरेश पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "तुम्हाले वाईट वाटलं असतं, भाऊ."

मी त्या माणसाला मिलचा दरवाजा कायमचा मागे टाकून येताना पाहिलं होतं, सख्ख्या भावाला स्मशानात पोचवून येताना पाहिलं होतं. पण त्या अंगणात ते जसे उभे होते तसे मी त्यांना आधी पाहिले नव्हते. मग ते म्हणाले, "पावती हाये काय कंपनीची?"

पावती घेऊन ते दुसऱ्या दिवशी नागपूरला गेले. सुरेशलाही बरोबर नेलं. कंपनीचं दुरुस्ती केंद्र एका मोठ्या इमारतीत होतं. पुढचं मला सुरेशनं सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, कॅमेरा मुंबईला गेला आहे, वाट पाहा. भाऊ म्हणाले, "हव, पाह्यतो." आणि टेबलासमोर उभे राहिले. दुपारी त्या माणसानं विचारलं, "आता काय हवंय?" भाऊ म्हणाले, "काई नाई. वाट पाहून राह्यलो." केंद्र बंद होईपर्यंत उभे होते. दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधीच दारात. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नम्रपणे विचारायचे, "कधी घेतला? कधी बिघडला? कितवी खेप?" दोन जण त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी आतून साहेब आला. आवाज चढवून म्हणाला, "तुम्ही आहात कोण?"

"मी लोकायले तुमची कंपनी घ्या म्हनून सांगत होतो," भाऊ म्हणाले. "म्हनून आलो."

त्या संध्याकाळी मुंबईला फोन गेला. आठ दिवसांत सुरेशला नवा कॅमेरा मिळाला. गेलेली लग्नं मात्र कोणी परत दिली नाहीत.

नागपूरहून आल्यावर भाऊ किसनसेठकडे गेले. बाजाराचा दिवस होता, दुकानात सात-आठ माणसं होती. मी म्हटलं, भाऊ, संध्याकाळी निवांत जाऊ. ते म्हणाले, "चारचौघांत बोललो तं चारचौघांतच जा लागन."

दुकानात शिरल्यावर सेठनी पाहिलं, आणि सवयीनं नोकराला पाणी आणायची खूण केली.

"पानी नको सेठजी. मी बोलाले आलो." भाऊंचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. माणसं वळून पाहू लागली. "तुमच्या कॅमेऱ्याले मी खराब म्हनत होतो. मोजलं नोतं मी. आता मोजलं. तुमचा माल चांगला हाये. तुमचं वागनं त्याच्याहून चांगलं हाये. चूक माही हाये."

मला वाटलं सेठ उठतील, हात धरतील. तसं काही झालं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"उमाटेजी, अब इसका क्या फायदा?" ते हळूच म्हणाले. "एजन्सी मागच्या महिन्यात सोडली मी. माल वापस गेला. या दिवाळीला माझ्या दुकानात कॅमेरा नाही." मग थोडं थांबून, "तुम्ही एकदा येऊन विचारायचं होतं. इतकंच. मी सांगितलं असतं, किती विकले आणि किती परत आले. माझ्याकडे सगळं लिहिलेलं होतं."

भाऊ "हव" म्हणून बाहेर पडले. पुढं त्या दोघांत रामराम सुरू झाला, पण चहापर्यंत तो कधी गेला नाही. माझी अशी समजूत होती की माणसानं चूक कबूल केली की गोष्ट मिटते. ती समजूत तिथं गेली.

त्यानंतर भाऊंनी खोलीच्या दारावर एक पुठ्ठा टांगला. अक्षर वहिनींचं होतं. 'कोणती कंपनी चांगली हे मला सांगता येत नाही. कोणाकडे कोणता कॅमेरा किती वर्षं चालला, हे विचारून सांगीन.' लोकांना आधी गंमत वाटली. काहींनी येणं बंद केलं, कारण लोकांना एक शब्द हवा असतो आणि भाऊ आता शब्द द्यायला तयार नव्हते. कोणी विचारलं की ते उलट विचारायचे, कुठं वापरणार, धुळीत की घरात? बिघडला तर गावात कोण पाहील? कंपनीचं नाव नको सांगू, मॉडेल सांग, एकाच कंपनीचं एक चांगलं निघते आन् दुसरं वाईट. आणि मग, "परवा ये. तोवर चार जागी विचारतो." भोयर मॅडमना त्यांनी महिनाभर थांबवलं होतं. शेवटी मॅडमनी जांभळा घेतला, वर्ध्याच्या दुकानातून.

विचारायला ते खरंच जायचे. सायकलवर. साठी उलटली होती, आणि हातात कामही फारसं उरलं नव्हतं. वहिनी मला म्हणाल्या, "पहिले घरात फिरत होते, आता गावभर फिरतात. त्यायले सांगजो जरा." मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "रिपोर्टर, लोकं माह्या तोंडाकडं पाहून वस्तू घेत होते रे. मले झोप कशी लागत होती, तेच समजत नाई."

दोन हजार आठच्या हिवाळ्यात सुरेशनं तळेगावच्या बाजारात स्वतःचा छोटा स्टुडिओ उघडला. त्यानं भाऊंना बोलावलं, फीत कापायला. भाऊ दोन दिवस येत नाही म्हणत होते. वहिनींनी त्यांना जबरदस्तीनं इस्त्रीचा सदरा घालायला लावला आणि आम्ही तिघं गेलो. फीत त्यांनी कापली, पण घाईनं, फोटो काढायच्या आतच. सुरेशनं ती परत बांधली आणि भाऊंना परत कापावी लागली.

जेवण सुरेशच्या घरी, वावराच्या कडेला होतं. मला वर्धेची लवकरची बस धरायची होती, ती त्यांच्या घरासमोरच थांबायची. भाऊ आणि वहिनी मुक्काम करणार होते. मी बसमध्ये चढलो, खिडकीशी बसलो. ड्रायव्हर उतरून कोणाशी तरी बोलत होता.

सुरेशची आई ओट्यावर बसली होती. तिनं सुरेशचा कॅमेरा उचलला आणि भाऊंच्या हातात दिला.

"माहा एक फोटो काढ."

"मले काढता येत नाई, माय. मी उघडतो फक्त."

"इतके वर्सं कॅमेऱ्यात हात घालून बसला आन् फोटो नाई येत? काढ बापा. कोनी काढलाच नाई माह्या एकटीचा."

भाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग काढला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा डोळ्याला लावला. म्हातारीनं पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले. भाऊ एक पाऊल मागे गेले. ती पूर्ण मावत नसावी, म्हणून आणखी एक. वांग्याच्या सरीत पाय गेला, तरी आणखी एक. इतक्या लांबून ते पाहत होते की म्हातारीला ते पटेना. ती हातानं बोलावू लागली, जवळ ये, जवळ ये. वहिनी हसत होत्या.

ड्रायव्हर चढला. बस निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. मी तळेगावहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी कामासाठी बाहेर गेलो होतो, मधे भेट झाली नाही आणि शेवटीही पोचू शकलो नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं आहे ते एवढंच. बसच्या मागच्या काचेतून दिसणारं वावर, ओट्यावर हात हलवणारी म्हातारी, आणि सरीत उभे असलेले भाऊ. बस वळणावर गेली तेव्हा त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला होता, आणि ते तिच्याकडे चालत निघाले होते.